यारी

मेडिकलच्या गेटसमोर, रसवंतीच्या खांबाला
तिनं पुठ्ठा टांगला होता:
"दोर आहे. माणूस पाहिजे. रविवार."
अक्षरं कुणाकडून तरी गिरवून घेतलेली,
'पाहिजे'तली वेलांटी भलतीकडं वळलेली.
लोक हसले. एकानं तिला हातवारे करून सांगितलं,
बैलबाजार मंगळवारी असतो.

मी थांबलो. दोर म्हणलं की मी थांबतो.
बावीस वर्षं यारी चालवली,
केज, धारूर, परळी, शंभरावर विहिरी.
खाली लिंबाजी, वर मी.
मग पोकलेन आलं, बोअरच्या गाड्या आल्या,
यारी घरामागं गंजायली
अन् लिंबाजी चाकणला, कंपनीच्या गेटवर शिट्टी वाजवतो.

इल्झे तिचं नाव. दवाखान्यात मोडकी हाडं
चालती करायला आलेली, सहा महिन्यांसाठी.
तिच्या देशात म्हणे डोंगरच नाही,
सगळ्यात उंच टेकडी बालाघाटाच्या गुडघ्याला लागंल.
म्हणून जाईल तिथं ती डोंगर हुडकते.
डोंगर सापडतो, तो जागचा हलत नाही.
माणूस हुडकावा लागतो.

जॉर्जियात एक पाववाला मिळाला,
पहाटे भट्टी लावून दहाला मोकळा होणारा.
बोलिव्हियात एक विधवा, झग्यावर झगा घालून चढायची,
एकमेकींची नावं शेवटपर्यंत नीट म्हणता आली नाहीत.
आणि एका ठिकाणी (ते ठिकाण ती सांगत नाही)
भारी बूटवाला, गोड बोलणारा एक जण,
ती वर लटकलेली असताना
एका हातात दोर धरून फोन बघत होता.
हे सगळं नर्सिंगच्या पोरीनं मला सांगितलं,
निम्मं तिनं पदरचं घातलं असंल.

रविवारी बुट्टेनाथाच्या दरीत
इल्झेनं कमरेला गाठ मारली.
मी तिच्या तोंडाकडं न बघता
गाठ तीनदा ओढून पाहिली,
लिंबाजीची पाहायचो तशी.
ती गप झाली. मग पोरीला काहीतरी म्हणाली.
काय म्हणती?
"म्हणती, हाच."

तीन शब्द शिकवले: ढील, ताण, थांब.
तिच्याकडंही तेच तीन होते, तिच्या भाषेत.

काळा दगड मला आतून माहीत,
सुरुंग लावून, फोडून, टोपल्यात भरून.
बाहेरून त्याला कुणी असं
विचारत विचारत हात लावतं, हे नवीन.
दोर माझ्या तळव्यातून सरकत वर निघाला.
वर!
जन्मभर माझ्या हातातला दोर खालीच गेलता.

चौथ्या रविवारी ती म्हणाली, आता तू.

दोराच्या त्या टोकाला मी कधी नव्हतोच.
हसू नका. बावीस वर्षांत
एकदाही विहिरीत उतरलो नाही.
वर कुणीतरी लागतंच, म्हणायचो,
आणि ते खरंही होतं.

दोन परस चढलो असंल.
पोटऱ्या डिझेल इंजिनावानी थडथडायल्या,
तोंडात माती, हाताला घाम,
खाली बघायची हिंमत नाही.
ती तिथं आहे का नाही
हे कळायला एवढंच:
कमरेशी दोराची बारीकशी ओढ.
"ताण!" मी वरडलो.

तो आवाज माझा नव्हता.
तो मी हजारदा वरून ऐकलेला,
तळातून घुमत आलेला,
आणि दर वेळी वाटायचं,
लिंबाजी उगंच वरडतो.

रात्री त्याला फोन लावला.
मागं कंपनीचा भोंगा चालू होता.
"काय रं शेषा, एवढ्या रात्री?"
मला सांगायचं होतं ते जमंना.
"जेवलास का?" विचारलं.
"व्हय," म्हणला. मग थोडं थांबून,
"यारी इकली का रं?"
"नाही," म्हणलो, "हाय अजून."